उसना ताल

उंबरडोहच्या शिबिरातून डॉ. शशांक केळुसकरांना काय मिळणार होतं, ते आधीच सांगून टाकू. मागाहून कुरकुर नको. मुंबईच्या त्यांच्या रुग्णालयात हृदयविभागाच्या प्रमुखाची खुर्ची रिकामी व्हायची होती आणि नव्या नियमानं दुर्गम भागात सेवा केल्याशिवाय त्या खुर्चीकडे बघायचीही सोय नव्हती. धरणाच्या पाण्यापलीकडचं, लाँचशिवाय न गाठता येणारं उंबरडोह याहून दुर्गम काय असणार? सेवेची सेवा, फोटोचा फोटो.

बदल्यात द्यायचं होतं एक ठिगळ. हृदयाच्या जिवंत पेशी प्रयोगशाळेत वाढवून विणलेला पातळ पापुद्रा. त्याला 'स्पंदपट' म्हणत. मांडीच्या शिरेतून नळीनं नेऊन तो झिजलेल्या हृदयावर चिकटवता येई. छाती फाडायचे दिवस केव्हाच गेले होते.

"पण त्याला ठोका येत नसतो," डॉक्टरांनी रुग्णाच्या, सोपान ढेबेच्या, बहिणीला, तेजलला, सकाळीच समजावलं होतं. "जो ताल कानावर पडेल तो उचलतो."

"म्हंजी गजीच्या नाचात नवा गडी ढोल ऐकून पाय टाकतो, तसं."

"अगदी. ही तालपेटी म्हणजे ढोल. हिचा एक पट्टा भावाच्या मनगटाला, दुसरा पेटीत. तासाभरात ताल पाठ झाला की पेटीची गरज संपली."

"आन् मधीच लाइट गेली तर?"

"तर दुसरा पट्टा जित्या माणसाच्या मनगटाला बांधायचा. मी आहे ना इथं."

"तुमच्या हाताला? मग आमचा सोपानदादा मुंबईकरच व्हायचा की वो!"

डॉक्टर हसले. एक गोष्ट मात्र त्यांनी सांगितली नाही. पेटीचा ताल एकसारखा असतो, तो पाठ होतो. माणसाचा ताल क्षणाक्षणाला बदलतो, तो पाठ होत नाही. त्याच्या मागंमागं जावं लागतं, जन्मभर. आणि एकदा लागलेला माग ठिगळ पुन्हा सोडत नाही.

स्पंदपट बसला. शाळेच्या खोलीत पेटी टकटकू लागली, आणि दारात सरपंच उभे राहिले.

"सायेब, शाल-श्रीफळ. पाचच मिंटं."

"आत्ता नको. मला इथून हलता येत नाही."

"अवो, मागल्या साली डोळ्याचे डाक्टर सत्काराबिगर गेले. गाव अजून रुसलंय. आन् फोटुवाला जायाच्या घाईत हाय."

फोटो म्हटल्यावर डॉक्टर हलले.

मांडवात सरपंचांनी माइकवर दोनदा फुंकर मारली. माइक गप्प. त्यांनी हात वर केला. गावात जनरेटर एकच. कुणीतरी शाळेची वायर काढून मांडवाची जोडली. माइक किंचाळला आणि समोर शाळेच्या खिडकीतला दिवा विझला.

डॉक्टरांनी ते पाहिलं. तालाविना ठिगळ थरथरू लागतं आणि आपल्यासोबत सगळं हृदय थरथरवतं, हे त्या मांडवात एकट्या त्यांनाच ठाऊक होतं. ते अर्धवट उठले. पण गेलो तर पट्टा कुणाच्या मनगटावर? मग हा सोपान जन्माचा सोबती. ऑपरेशनच्या टेबलापाशी, गाडीत, घरी, हाकेच्या अंतरात. हा हिशेब मांडायला वेळ लागत नाही. लागतो तो उठायला. तेवढ्यात खांद्यांवर शाल पडली आणि सरपंचांनी मायेनं खांदे दाबले. तेवढ्या दाबानं डॉक्टर बसले.

टाळ्या झाल्या. फोटो झाला. मग मात्र डॉक्टर पळाले.

सोपान जिवंत होता. त्याच्या खाटेला टेकून तेजल बसली होती, मनगटावर पट्टा.

"दादाचे डोळं फिरायला लागले. तुमी दिसला न्हाई, म्हून म्या बांधला. जिता हात पायजे म्हनला हुता नव्हं?"

डॉक्टरांना आधी हायसं वाटलं, मग त्या हायसं वाटण्याची लाज.

"आता कदी सोडायचा?"

त्यांनी सगळं सांगितलं. पट्टा आता सुटणार नव्हता, आणि हाकेपलीकडे त्याचा ताल पोचणार नव्हता. पोलीस भरतीसाठी तेजल रोज पाण्याच्या काठानं धावायची. तिच्यासारखा खणखणीत ठोका शिबिराच्या तपासणीत दुसऱ्या कुणाचाच आढळला नव्हता.

"भरतीचं मैदान साताऱ्याला हाय," ती हळूच म्हणाली.

"सोड त्यो पट्टा, तेजे," सोपान खाटेवरून म्हणाला.

"गप पड. माजाच ठोका घिऊन मलाच हुकूम सोडतोस व्हय?"

"मी उशिरा आलो," डॉक्टर म्हणाले.

"आता तुमचा हात चालंल का?"

"नाही. आता नाही चालणार." हे खरं होतं, आणि ते खरं आहे याचं त्यांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी लाँच सुटायच्या बेतात होती. डॉक्टर शाल विसरले होते. तेजल ती घेऊन शाळेच्या ओट्यावरून निघाली, आणि सवयीनं धावली. डौलदार, लांब ढांगा टाकत. लाँचवरची माणसं कौतुकानं बघत राहिली. मागं ओट्यावर बसलेला सोपान छाती धरून वाकला.

कुणीतरी ओरडलं. तेजल जागच्या जागी थांबली. शाल पायांत पडली. डोळे मिटून ती श्वास मोजूनमापून घेऊ लागली, दम उतरेपर्यंत. तिकडं सोपान हळूहळू सरळ झाला. मग ती वळली आणि डोक्यावर भरली घागर असावी तशी, पाऊल जपत, भावाकडे चालत गेली.

गावाला सत्कार मिळाला, सोपानला आयुष्य मिळालं, डॉक्टरांना पुढं खुर्चीही मिळाली. लाँचच्या कठड्याला धरून उभ्या असलेल्या डॉक्टरांचं काळीज त्या वेळी धाडधाड उडत होतं. उडू दे. त्याचा त्रास दुसऱ्या कुणाला होणार नव्हता.