नदाफ हलणारच

रविवारी सकाळी गडहिंग्लजच्या मैदानावर अकरा आडदांड गडी बाकावर ओळीनं बसले होते आणि अन्विता शिंत्रे एकेकाच्या पोटरीवर पट्टी बांधत होती. नाचाच्या पहिल्या तासाला चाळ बांधून घ्यावेत, तसे सगळे अवघडले होते.

"आवळू नका ताई, रक्त थांबतंय," दस्तगीर नदाफ म्हणाला.

"रक्ताशी मला काय करायचंय? तुझा मेंदू पायाला काय सांगतो, तेवढं कळलं की झालं."

"मला तर तो काहीच सांगत न्हाई. तुम्हाला सांगितलं तर बघा."

पट्टीला सगळे चाहूलपट्टी म्हणत. मेंदूचा हुकूम स्नायूत पोचला की तिथं बारीकशी वीज उठते, आणि पाय प्रत्यक्ष हलतो तो त्यानंतर, पापणी लवायलाही पुरणार नाही इतक्या वेळानं. पट्टी ती वीज पकडायची. म्हणजे माणूस हलण्याआधीच तो हलणार हे तिला ठाऊक.

या गावाला लंबगोल चेंडूच्या अमेरिकी फुटबॉलचं वेड कसं लागलं, याच्या सात कहाण्या आहेत आणि त्यातल्या आठ खोट्या आहेत. खेळ धक्काबुक्कीचा, पण त्यातला सगळ्यात कडक नियम गप्प बसण्याचा. चढाई करणाऱ्यांची फळी वाकून जमिनीला हात टेकते. एकदा हात टेकला की मधला गडी चेंडू पायांमधून मागे देईपर्यंत, म्हणजे स्नॅप होईपर्यंत, फळीतल्या कुणी दचकायचंसुद्धा नाही. मागच्यांपैकी एकाला आडवं चालायची मुभा, पण पुढं पाऊल टाकायची नाही. समोरचा आधी अंगावर आला म्हणून दचकलात तर गुन्हा त्याचा. त्यानं नुसते डोळे वटारले म्हणून दचकलात तर तुमचा. पाच यार्ड मागं.

हे पाहायला पंच कलगोंडा मगदूम, निवृत्त पी.टी. शिक्षक. एकदा म्हणे फळीतल्या एकाच्या कानावर माशी बसली, कान हलला, आणि मगदूम सरांनी पिवळा रुमाल टाकला. माशी कुठल्या संघाची होती यावर दोन दिवस वाद चालला.

दस्तगीरची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. हंगामात तीनदा असा गुन्हा झाला की राज्य संघाच्या निवडयादीतून नाव कटायचं. त्याचे दोन झाले होते. दोन्ही मगदूम सरांच्या नजरेनं दिलेले, पट्ट्या यायच्या आधी, कॅमेरा नसलेल्या मैदानांवर.

त्या दिवशीच्या सामन्यात शेवटच्या डावात फळी वाकली. समोरचा गडी खांदा पुढं झुकवून परत मागं आला. सरांच्या डोळ्यांदेखत दस्तगीर दगडासारखा बसून होता. आणि पट्ट्यांना जोडलेलं सरांच्या कानातलं यंत्र वाजलं: चौसष्ट नंबर, दस्तगीरचा. पट्टीचा शब्द अंतिम, असा नियमच होता. सरांनी रुमाल टाकला. हा तिसरा.

सामना संपल्यावर ते तडक प्रेक्षकसज्जामागच्या खोलीत अन्विताकडे गेले.

"पोरी, पोरगा हलला न्हाई. मी बघत होतो."

"हलला नाही, सर. पण पायाला हुकूम गेला होता. तो त्यानं आवरला."

"आवरला, त्याची शिक्षा?"

"नियम तुमच्या समितीनं लिहिलाय. मी फक्त पट्टी बांधते." तिनं खुर्ची पुढं सरकवली. "बसा. हात द्या. तुमची नजर काय म्हणते तेही बघू."

तिनं त्यांच्या मनगटावर पट्टी बांधली, हातात रुमाल दिला आणि याच महिन्यातल्या सामन्यांचे वीस तुकडे पडद्यावर लावले. गुन्हा दिसला की रुमाल टाकायचा. सरांनी मिशीवरून बोट फिरवलं. विसांत तीन गुन्हे होते. त्यांनी तिन्ही पकडले, एकही चुकला नाही.

"बघितलंस?" सर म्हणाले.

अन्वितानं आलेख त्यांच्याकडं वळवला. इतर गड्यांच्या वेळी हाताला रुमाल टाकायचा हुकूम गेला तो गडी हलल्यावरच. चार तुकड्यांत दस्तगीर होता. त्या चारींत हुकूम गेला होता स्नॅपच्या आधी, आणि चारींत दस्तगीर तसूभरही हलला नव्हता.

"चारही वेळा तुम्ही आवरलंत, सर," ती म्हणाली. "त्यानंही आज आवरलं."

सरांनी आलेख पुन्हा पहिल्यापासून बघितला. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "त्याचा चुलता बाबालाल फळीत खेळायचा, लई उतावीळ. दर सामन्याला रुमाल. आम्ही पंच चहाला बसलो की म्हणायचो, नदाफ हलणारच." त्यांनी मनगटाकडं पाहिलं. "पहिल्या दोन्ही वेळा मी आवरलं का न्हाई, हे कुठं दिसंल?"

"तेव्हा पट्टी नव्हती."

"म्हणजे कुठंच न्हाई."

त्यांनी कागद मागून घेतला आणि समितीला उभ्या उभ्या चार ओळी लिहिल्या: आजचा गुन्हा नियमानं पट्टीचा आहे, तो राहू द्यावा, आधीचे दोन माझे आहेत, त्यांची खात्री मला देता येत नाही, ते मोजू नयेत. खाली सही केली. सही नेहमीसारखी लपेटदार आली नाही.

दस्तगीर बाहेर पायरीवर बसला होता, बूट हातात घेऊन. सरांनी त्याला कागद वाचून दाखवला. दोन वजा झाले की नाव यादीत राहणार होतं. त्यानं मान हलवली, पण चेहऱ्यावर आनंद काही उमटला नाही.

"लेका, खूश हो की."

"हाय, सर. खूशच हाय." तो बुटाची नाडी बोटाला गुंडाळत राहिला. "पण एक विचारू? त्या दोन वेळा मी हललो होतो का न्हवतो?"

"तुला काय वाटतं? पाय तुझा."

"मला तर हललेलं चांगलं आठवतंय, सर. गुडघा जरासा उचललेला, टाचेखालची माती सरकलेली, सगळं." त्यानं वर पाहिलं. "पण हे आठवायला लागलंय ते तुम्ही रुमाल टाकल्यानंतर. त्याच्या आधीचं कुणाला विचारू?"