पाकळ्यांच्या पेशी

सूक्ष्मदर्शकात फूल दिसलं आणि मी खुर्चीतून उठलेच! लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशीचं केंद्रक गोल असतं. इथे त्याला पाकळ्या फुटल्या होत्या. एक, दोन… सात पेशी! रक्ताच्या एका दुर्मिळ कर्करोगाची ही खूण मी फक्त पुस्तकात पाहिली होती. आणि चिखलीच्या आमच्या एवढ्याशा लॅबमध्ये ती मला सापडली होती!

फॉर्मवर रक्त काढल्याची वेळ नव्हती. विचारायला बाहेर आले.

"सागर कोण?"

"मीच." बाकावरचा तरुण उठला. शर्टाला कोथिंबिरीचा वास, डोळ्यांत हसू. "आठ दिवसांपासून ताप हाय, मॅडम. पण तुम्ही बाहेर आल्या अन् उतरल्यासारखा वाटते."

मला हसू आलं नाही. त्या पाकळ्या याच्या होत्या… आणि मी आनंदानं उठले होते!

"रक्त कधी काढलं?"

"सकाळी सातले, देऊळघाटच्या शिबिरात. सिस्टर म्हणे, लवकर नेऊन द्या. पण जीप भरल्याबिगर हालते का? दोन वाजेलोक थांबलो."

"आणि ट्यूब?"

"खिशात. सांभाळून आणली न!"

आता चार वाजले होते. नऊ तास— उन्हात! शिळ्या रक्तातही केंद्रकं अशीच वेडीवाकडी होतात…

"बोट द्या."

"एकदम? नाव तरी सांगा आधी."

"दीपमाला. बोट!"

ताजा थेंब काचेवर ओढला.

"सुई मले टोचली," तो म्हणाला, "तुम्ही काऊन तोंड वाकडं केलं?… काही वाईट हाय का?"

खोटं बोलवेना. "शंका आहे. वीस मिनिटांत कळेल."

तो बोटावर कापूस दाबून बाकावर जाऊन बसला.

काचेवर रंग चढला. शंभर पेशी पाहिल्या. पुन्हा शंभर. गोल… गोल… सगळी केंद्रकं गोल! लॅबच्या डॉक्टरांनीही येऊन पाहिलं. "व्हायरल ताप दिसतो. पंधरा दिवसांनी पुन्हा बघू."

मी धावतच बाहेर आले. "कॅन्सर नाही! साधा ताप आहे! पंधरा दिवसांनी पुन्हा तपासू."

त्यानं डोळे मिटले, उघडले. "मंग तुम्ही रडून काऊन राह्यल्या?"

"भेव लागलं होतं न मले!"

लॅबमध्ये मी कधीच घरची बोली बोलत नाही. तो बघतच राहिला.

"पंधरा दिवस लई होतात," तो हळूच म्हणाला. "उद्या येऊ?"

"तपासायला काही नाही उद्या."

"माहीत हाय."

मी इकडेतिकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"ये," मी म्हणाले.