शिरांमधला चुना

"पोलिसांना कळवायचं की नाही, ते तुमच्या रिपोर्टवर आहे," सर्जन फोनवर म्हणाले. "पेशंटची बहीण म्हणतेय, बायकोनं विष घातलं."

स्कॅनवाल्या डॉक्टरीणबाई "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. अकरा वर्षं लोकांची पोटं काळ्या-पांढऱ्या चित्रांत बघून त्यांचं मन बधिर झालं होतं. विष म्हटलं काय, गाठ म्हटलं काय, सगळं सारखंच.

पेशंट पन्नाशीचा घड्याळजी. महिनाभर पोटात उजवीकडे कळा, जुलाब, आता रक्त. दुर्बीण घालून पाहिलं, तर आतडं जांभळंनिळं पडलेलं. ते कानावर आलं आणि बहिणीचा संशय पक्का झाला.

बाईंनी एकेक चित्र पुढे सरकवलं. उजवीकडचं मोठं आतडं सुजून जाड झालं होतं. धमनीत गुठळी असेल म्हणून शोधली. नव्हती. धमन्या स्वच्छ होत्या. मग त्यांची नजर शिरांवर गेली आणि तिथेच थबकली. आतड्याला लागून बारीक पांढऱ्या रेघा दिसत होत्या, कुणी टोकदार खडूनं ओढाव्यात तशा.

त्या बाहेर आल्या. बाकाच्या दोन टोकांना दोघी बसल्या होत्या.

"लग्नाला किती दिवस झाले?"

"आठ महिने," बायको म्हणाली. आवाजात रडू नव्हतं, रागही नव्हता.

"आठ महिन्यांत हाडांचा सापळा केला माझ्या भावाचा!" बहीण कडाडली. "त्याआधी बावीस वर्षं मी सांभाळला. कधी दवाखान्याची पायरी चढला नाही."

"खायला काय द्यायचात?"

"चारचौघं खातात तेच. आणि रोज सकाळी पोटाचा काढा. अजूनही मीच आणून देते. हिच्यावर कोण विसंबणार?" तिनं पिशवीतला थर्मास दाखवला.

बाईंनी झाकण उघडलं. आतली काच पिवळीधमक झाली होती.

"कशाचा काढा?"

"जडीबुटीवाल्याकडची वाळकी फळं. नारिंगी असतात."

"कधी खंड पडला?"

"एक दिवसही नाही!"

तेवढ्यात सर्जन आले. "काय लिहायचं? विषप्रयोग?"

"नाही," बाई म्हणाल्या. "रक्ताअभावी आतडं सुजतं, तेव्हा बहुधा रक्त आत पोचत नसतं. इथे पोचतंय, पण परत फिरायला वाट नाही. शिरांमध्ये चुना, म्हणजे कॅल्शियम, साठून त्या कडक झाल्यात. दुर्मिळ आजार आहे, मी फक्त वाचला होता. असा चुना आठ महिन्यांत साठत नाही, वर्षं लागतात. म्हणजे यांचा हात नाही." त्यांनी बायकोकडे बोट केलं. "मग वर्षानुवर्षं पोटात काय जात होतं? हा आजार झालेल्या बऱ्याच जणांनी अशाच, पिवळा रंग सुटणाऱ्या फळाचा काढा घेतलेला असतो. त्यातलं द्रव्य उजव्या आतड्यात फुटतं आणि तिथल्याच शिरांत उतरतं. म्हणून दुखणं उजवीकडे."

बहिणीनं हातातल्या थर्मासकडे पाहिलं.

"म्हणजे मी..." बहिणीचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

"तुम्हाला माहीत नव्हतं. काढा आजपासून बंद. पुष्कळदा तेवढ्यानं भागतं. वाचतील ते."

"वन्सं, बसा," बायको म्हणाली.

बहीण बसली नाही. भिंतीकडे बघत राहिली.

"एकाच पातेल्यात करते मी," ती म्हणाली. "अर्धा त्याला. अर्धा मला."

डॉक्टरीणबाईंना काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. "दुखतं?"

"उजवीकडे. वर्ष होत आलं. कुणाला बोलले नाही."

बाईंनी स्कॅनच्या खोलीचं दार उघडून धरलं. "अंगावरचा दागिना बाहेर ठेवा."

बायकोनं उठून हात पुढे केला. बहिणीनं गळ्यातली साखळी काढून त्या हातात ठेवली आणि तिच्याकडे न बघता आत गेली.