बालवाडीचा तिखट केक

"पहिला घास झिंगूनं घ्यायचा," सत्यशीलाने फर्मान काढलं. "तपास हाये हा, मेजवानी नाई."

झिंगूने वाटीतला केक चावला, डोळे पुसले आणि निकाल दिला, "तिखट."

काल बालवाडीतल्या सतरा पोरांनीही हेच सांगितलं होतं; फक्त रडून.

बालवाडीच्या बायनाबाई नागपूरहून फळांचा केक शिकून आल्या होत्या. केळी, तेंदूची पिकली टेंभरं, गव्हाचं पीठ, चिमूटभर सोडा. साखर मुळीच नाही. वाळू घातलेल्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, वाट्या ठेवायच्या, झाकणावर निखारे. आरमोरीत भट्टी नाही म्हणून काही अडलं नव्हतं. अडलं ते चवीपाशी. सलग दोन मंगळवार केक तिखट निघाला. येत्या मंगळवारी बालवाड्या तपासणारे साहेब बघायला येणार होते. पोरांनी खाल्ला तर केक चालू, नाहीतर पुन्हा सरकारी पाकिटातल्या सुकडीचा भुगा.

सत्यशीलाचा साडेतीन वर्षांचा भाऊ पोचू सुकडी गालात धरून ठेवायचा आणि अंगणात जाऊन थुंकायचा. कालवलेल्या केळी-टेंभरांचं पातेलं मात्र चाटून पुसून लख्ख करायचा. वजनाच्या तक्त्यावर त्याची रेघ खाली उतरत होती. या सुट्टीत सत्यशीलाने ती रेघ इतक्यांदा पाहिली होती, की डोळे मिटूनही काढली असती.

"टेंभरात दोष असन," म्हणून झिंगूने अकरा टेंभरं तपासली. एकही दोषी निघालं नाही. पिठाचा डबा त्यांच्या मैत्रिणीने, गुलाबने, हुंगला आणि तिला लागोपाठ पाच शिंका आल्या.

"चक्की," सत्यशीला म्हणाली.

सोमवारी तिघं बालवाडीचा गहू घेऊन नानाजींच्या चक्कीवर गेली. तिथे मिरची दळणं चालू होतं. मिरचीनंतर चक्कीवाल्याने पदरची मूठभर कनकी, म्हणजे तांदळाची चुरी, दळून दगड साफ करायचे, ही रीत. नानाजींनी मिरची संपवली आणि थेट सरकारी पोत्याला हात घातला.

"नानाजीभाऊ, कनकी काऊन नाई टाकत?"

"कनकी का फुकट येते? हा त सरकारी गहू. सरकारचं तोंड जळत नाई." एवढं बोलून ते चहा प्यायला मागे गेले.

बाजूला त्यांच्याच घरच्या दळणाचा, पोत्यातल्या गव्हाएवढाच भरलेला डबा होता. गुलाब दारात उभी राहिली. झिंगू आणि सत्यशीलाने डब्यातला गहू पोत्यात आणि पोत्यातला डब्यात केला.

"पाप लागन का?" झिंगूने विचारलं.

"लागन. हात चालव."

नानाजी आले, आधी पोतं दळलं, मग डबा. त्यांची पाठ वळताच पीठही पुन्हा आपापल्या मालकाकडे गेलं.

मंगळवारी सकाळी नानाजी सुजलेल्या ओठांनी बालवाडीत हजर. घरच्या पिठात मिरची कशी आली ते ओळखून सगळा प्रकार त्यांनी स्वतःच सांगितला आणि वर म्हणाले, "बाई, पोरं लय हुशार हायेत. माह्या घरी कालपासून कोणी बोलून नाई राह्यलं, पण हुशार हायेत."

केक असा फुलला, की बायनाबाई झाकण हातात धरून नुसत्या बघत राहिल्या. साहेबांनी चार वाट्या संपवल्या, शोधाची हकीकत ऐकली आणि तिघांची पाठ थोपटली. "अशी मुलं जिल्ह्याला हवीत," म्हणाले.

मग सतरा पोरांपुढे सतरा वाट्या आल्या. पोरांनी वाट्यांकडे पाहिलं. दोनदा भाजलेली जीभ कोण विसरतं? एकाने वाटी दूर सारली आणि बाकीच्यांनीही सारली.

"गोड हाये रे बाबू. हे पाय, मी खातो." सत्यशीलाने पोचूसमोर बसून घास घेतला, चावला, हसून दाखवलं. तिचे डोळे भरून आले आणि तिथेच घात झाला. पोचूला वाटलं, ताईलाही तिखट लागलं.

साहेबांनी मिशीला लागलेला केकचा चुरा पुसला आणि वहीत लिहिलं, 'मुले खात नाहीत.' त्यात खोटं काहीच नव्हतं.

पोचूने आपले दोन्ही हात ताईच्या तोंडावर ठेवले, तिने आणखी खाऊ नये म्हणून.