कोरडी भिंत

"उद्या सकाळी घराच्या विक्रीची सही, आणि माझं मन खातंय," निवृत्त परिचारिका म्हणाल्या. "या भावात लेकीच्या गावी एक खोलीसुद्धा मिळणार नाही. जावयाच्या दारात राहायची वेळ येईल, अक्का."

घर बरेच दिवस बंद होतं आणि किल्ली दलालाकडे होती. मागच्या खोलीच्या भिंतीला ओल आहे, म्हणून एकच गिऱ्हाईक टिकलं, असं त्यानं त्यांना सांगितलं होतं.

अक्का खासगी गुप्तहेर. त्यांच्यासोबत फिरणारे कंपाउंडर मात्र कुणाच्याही बोलण्यावर चटकन विश्वास ठेवणारे. दलालाच्या कचेरीतही त्यांना सगळं पटलं. टेबलाच्या कडेची कोरीव वेल तर फारच आवडली. तिचं प्रत्येक तिसरं पान उलटं होतं.

"घेणारा एक सुतार आहे," दलाल म्हणाला. "जाहिरात वाचून आला. त्याआधी ओळख ना पाळख. घर आतून पाहिलेलंही नाही, माझ्या शब्दावर घेतोय."

"सज्जन माणूस," बाहेर पडताना कंपाउंडर म्हणाले.

कपाट करून घ्यायच्या निमित्तानं दोघं सुताराकडे गेले. तिथे साध्या लाकडाचं एक उंच कपाट तयार होत होतं.

"नव्या घरात मागच्या खोलीच्या भिंतीला लावायचंय," सुतार म्हणाला.

कपाटाच्या दारावर तशीच, उलट्या पानांची वेल होती. कंपाउंडरांनी लगेच विचारलं, "आमच्या कपाटाला अशी वेल कराल?"

"ती नाही जमणार. आमच्या आजोबांची वेल आहे, नात्यातल्या माणसांनाच करून देतो."

दुसऱ्या दिवशी कागद पुढे सरकले, तेवढ्यात अक्कांनी त्यावर हात ठेवला.

"ओलीच्या भिंतीला कोणता सुतार लाकूड टेकवील? भिंत कोरडी आहे, हे याला माहीत होतं. घर न पाहता कळलं कसं? घराची किल्ली ज्याच्याकडे आहे, त्यानंच सांगितलं. आणि दलालसाहेब, तुमच्या टेबलावर याच्या घरची वेल कशी? नातं काय तुमचं?"

सुतारच खाली मान घालून म्हणाला, "माझे भाऊजी. बाईंना घाई आहे म्हणाले."

कंपाउंडरांना स्वतःचीच लाज वाटली.

"नातं आधी सांगायचं असतं," अक्का म्हणाल्या. "सांगितलं असतं, तर बाईंनी दुसऱ्या कुणाला भिंत दाखवली असती."

परिचारिकाबाईंनी कागद फाडले. "घर हवंच असेल तर चारचौघांसारखा ये आणि खरा भाव बोल," त्या सुताराला म्हणाल्या.

"आणि माझी दलाली?" दलालाच्या तोंडून निघून गेलं.

"ती मेहुण्याकडे मागा. काम त्याचंच करत होतात."