खलाखालचा सेनापती

एलीहिओची आणि माझी ओळख झाली ती तहानेमुळे, आणि वाढली ती एका लठ्ठ सेनापतीमुळे.

पॅराग्वेच्या राजधानीत, असुन्सिओनच्या बाजारात त्याचं आणि त्याच्या आईचं औषधी पाल्याचं दुकान आहे. भर दुपारी मी तेरेरेत, म्हणजे पाल्यावर थंड पाणी ओतून प्यायच्या आमच्या पेयात, घालायला पुदिना कुटून मागितला. त्याने लाकडी खल धुवायला उचलला, तसा खालचा ठोकळा कलंडला... आणि मी चक्क जमिनीवर बसले. ठोकळ्याच्या पोटाशी कोरलेल्या रेघा होत्या. एक बूट, एक ढेरी, मिशीचं टोक.

"बाई, पुदिना इकडे वर आहे."

"हा ठोकळा कुणाचा?"

"पणजोबांचा. का, तुमच्या ओळखीचे होते?"

मी जुन्या व्यंगचित्रांच्या संग्रहालयात काम करते. एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या युद्धात आमच्या सैनिकांनी छावणीतच वर्तमानपत्र छापलं, शत्रूची टर उडवणारी चित्रं लाकडात कोरून. थोडे कागद उरले, ठोकळे बहुतेक चुलीत गेले. हा वाचला होता, तो इथे पुदिन्याच्या पाण्यात कुजत होता.

"संग्रहालयाला देता?"

"आई म्हणते, खलाखालचं लाकूड हललं की धंदा हलतो." मागे गवती चहा कापत बसलेल्या त्याच्या आईने, न्या देओलिंदांनी (न्या म्हणजे बाई), मान डोलावली.

मग त्याने शिंगाच्या पेल्यात थंड पाणी ओतून माझ्यापुढे धरलं. आमच्याकडे पेला परत दिला की ओतणारा पुन्हा भरतो. पुरे झालं की आभार मानायचे. मी एकच पेला प्यायले, आभार मानले आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी ब्रश घेऊन हजर झाले. द्यायचा नसेल तर देऊ नका, निदान साफ तरी करू द्या. न्या देओलिंदांनी खलाखाली वीट ठेवून पाहिली. धंदा काही हलला नाही.

ओलं लाकूड घाईने सुकवलं तर तडकतं, हे खरं. रोज थोडा मळ काढायचा, मग सावलीत ठेवायचं. पण मी लावला तेवढा वेळ लागत नाही, हेही खरं.

"आज काय सापडलं?" एलीहिओ विचारायचा.

"नाक."

"कालही नाकच होतं."

"मोठं आहे."

"की तुम्हीच सावकाश आहात?"

"तुला घाई आहे?"

माझ्या तोंडून 'तुला' गेलं. त्याने ऐकलं, पेला भरला, आणि कानापर्यंत लाल झाला. त्या दिवसापासून मला तो आवडतो हे मी स्वतःशी नाकारणं सोडून दिलं.

शेवटी सेनापती पुरता बाहेर आला. भोपळ्यावर बसून, दुर्बीण उलटी धरून शत्रूला शोधत होता. आणि त्याच्या बुटाशी उभी कोंबडी त्याला दिसत नव्हती.

"काही जणांना दुर्बीण लावूनही जवळचं दिसत नाही," न्या देओलिंदा म्हणाल्या.

"कुणाबद्दल बोलतेस, आई?"

"सेनापतीबद्दल. तू पाला कूट."

एलीहिओने ठोकळा स्वच्छ फडक्यात गुंडाळला. "ने, निमिया. हा संग्रहालयातच टिकेल. आई हो म्हणाली." मग खाली बघत म्हणाला, "आता तुला... इथे यायचं कारण नाही."

महिनोन् महिने ज्याच्यासाठी आले तो ठोकळा मांडीवर होता, आणि मला रडू येत होतं. त्याने पेला पुढे केला. मी प्यायले, परत दिला. त्याने भरला. मी पुन्हा प्यायले, पुन्हा दिला.

"पणजोबांचा ठोकळा दिला," तो म्हणाला, "तरी आभाराचा एक शब्द नाही?"

"नाही."

"का गं?"

"म्हटलं, तर तू ओतायचं थांबशील."

तो माझ्याकडे बघत राहिला. पेला भरून पाणी त्याच्या बोटांवरून वाहायला लागलं, तरी ओततच होता.

"आई," तो न वळताच म्हणाला, "बर्फ आण. जास्त आण."