टावोंगा घाटात पडलेली चेन

"माझ्या बाबांना क्लाइव मॅकनमीनं मारलं," टेगन व्हीटली म्हणाली, "आणि गुरुवारच्या मृत्यू-चौकशीत मला ते सिद्ध करायचंय."

मॉइरा केल्सोने चहाचा कप टेगनच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. एकवीस वर्षं पोलिसांत अपघातांचा तपास करून ती आता खासगी कामं घेत असे. शेजारी बसलेला बर्नी डेलगार्नो हा निवृत्त पोस्टमन. तिची गाडी चालवायची, टिपणं घ्यायची आणि दर वेळी भलत्याच माणसावर संशय घ्यायचा, ही त्याची कामं.

"बाबांचे गुडघे कुरकुरत होते," टेगन सांगू लागली. "म्हणून क्लाइवकाकानं... क्लाइवनं आपल्या दुकानात सायकलला कॉम्पॅक्ट क्रँक, म्हणजे लहान चक्रांचा पेडल-संच, बसवला. पेडलपाशी आधी त्रेपन्न आणि एकोणचाळीस दात्यांची चक्रं होती, आता पन्नास आणि चौतीस. चढाला हलकी. तीन आठवड्यांनी, त्यांच्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, घाटाच्या पायथ्याशी बाबांनी लहान चक्र घेतलं. चेन आत पडली, पाय मोकळा फिरला आणि ते मागच्या ट्रकसमोर कोसळले."

"पोलीस काय म्हणतात?"

"चेन या चक्रावरून त्या चक्रावर ढकलतो ना, तो पुढचा डिरेलर या क्रँकच्या मापाचा नाही म्हणे. अहो, तो डिरेलर पस्तीस वर्षं बिनतक्रार चालला! मग खोट क्रँकमध्येच. आणि क्रँक कोणी बसवला?"

बर्नीने जोरजोरात मान हलवली. त्याचं लक्ष अर्धं फळीवर होतं. टेगनच्या बाबांनी, लॉयल व्हीटलींनी, तरुणपणी सायकल-शर्यतींत जिंकलेले कप तिथे इतके लखलखत होते की त्याला आपलं टक्कल दिसत होतं. बाजूलाच पॉलिशचा डबा होता.

सायकल गॅरेजात होती. मॉइरा गुडघ्यांवर बसली.

"बर्नी, डिरेलर आणि मोठ्या चक्राचे दाते यांच्यामध्ये बोट घाल."

"करंगळी जाते की!"

"नाणं जेमतेम जायला हवं. आता त्याचा पट्टा बघ."

पट्टा सायकलीच्या नळीवर, रंग झिजलेल्या जुन्या खुणेवर बरोब्बर बसला होता. त्याच्या जरा खाली दोन बारीक ताजे ओरखडे होते. क्रँकच्या प्रत्येक स्क्रूवर पिवळा ठिपका होता, डिरेलरच्या स्क्रूवर नव्हता. बाकी सायकलीवर धूळ होती, डिरेलर मात्र आरशासारखा स्वच्छ होता.

भिंतीवर मॅकनमीच्या सायकल-दुकानाची कापडी पिशवी टांगलेली होती. आत एक नवाकोरा डिरेलर, त्याच्या स्क्रूवर पिवळा ठिपका.

"जादाचा ठेवला असेल," म्हणत बर्नीने तेही लिहून घेतलं.

क्लाइव दुकानात कुणाची तरी सायकल दुरुस्त करत होता. सत्तरीचा माणूस, डोळे सुजलेले.

"चूक माझी," तो वर न बघता म्हणाला. "लिहून घे आणि जा, मॉइरा."

"कोणता डिरेलर लावलास?"

"होता तोच ठेवला."

"आणि पिवळा ठिपका?"

"विसरलो. म्हातारा झालोय." बोलता बोलता त्याने स्क्रू आवळला आणि सवयीने त्यावर पिवळा ठिपका दिला.

"काढलेल्या जुन्या भागांचं काय करतोस?"

"पिशवीत घालून परत देतो. लोकांचा जीव असतो त्यात."

बाहेर येताच बर्नीने हात झटकले. "झालं! स्वतःच्या तोंडानं कबूल केलं."

"केलं खरं. पण कुणासाठी?"

अपघाताच्या दिवशी लॉयलसोबत सायकलवर इव्हो पेरिक होता. तो आपल्या अक्रोडाच्या बागेत भेटला.

"स्वारी फार खुशीत होती," तो म्हणाला. "लेकीनं मला पुन्हा तरणं केलं, म्हणत होता. सायकल सारखी खरखरत होती, तरी गाणं चालूच."

"मग थांबला का नाहीत?"

इव्होने मान खाली घातली. मग तो खाली पडलेले अक्रोड वेचू लागला.

बुधवारी दुपारी मॉइराने टेगनला, क्लाइवला आणि इव्होला टेगनच्या स्वयंपाकघरात बसवलं.

"टेगन, मी तपास इथंच थांबवू शकते. खरंच ऐकायचंय?"

"बोला."

"क्लाइवनं क्रँकबरोबर त्याच्या मापाचा डिरेलरही बसवला होता. चक्र लहान झालं म्हणून तो खाली बसवावा लागला. ते ओरखडे त्याचेच. ठिपका असलेला तो डिरेलर पिशवीत सापडला. पिशवीत असायला हवा होता जुना, आणि जुना होता सायकलीवर, जुन्याच खुणेवर. म्हणजे क्लाइवनंतर कुणीतरी तो बदलला. खूण दिसली, तिथे लावला. बसला म्हणजे जुळला, असं त्या माणसाला वाटलं. पण उंच बसलेला आणि मोठ्या चक्रांसाठी बनलेला तो डिरेलर सोळा दात्यांची उडी सांभाळू शकला नाही."

"पुरे कर!" क्लाइव उठला. "चूक माझी, म्हटलं ना!"

"पोलिसांनी फोटो दाखवला तेव्हाच तू ओळखलंस, क्लाइव. लावण्याआधी कुणीतरी तो जुना डिरेलर प्रेमानं घासला होता. या कपांसारखाच. वाढदिवसासाठी."

बर्नीची पेन्सिल थांबली. आपण हे सगळं लिहून घेतलं आणि काहीच पाहिलं नाही, याची त्याला लाज वाटली.

टेगनने फळीवरच्या पॉलिशच्या डब्याकडे पाहिलं. "सगळे कप त्याच डिरेलरवर जिंकले होते बाबांनी," ती कशीबशी म्हणाली. "मला वाटलं, नवा नुसता शोभेला आहे. बाबा रडले हो तो बघून." मग ती इव्होकडे वळली. "डिरेलरमुळे खरखरतंय, हे त्यांना कळलं होतं?"

"कळलं होतं, पोरी. मी म्हटलं, परत फिरू, क्लाइवला दाखवू. तर म्हणाला, आज नाही. आज हा लावूनच घरी जाणार, लेक दारात उभी असेल. मी हट्ट धरायला हवा होता."

क्लाइवने टेगनच्या खांद्यावर हात ठेवला.

"उद्या मी सांगतो तेच चालू दे," तो हळूच म्हणाला. "माझं आता काय उरलंय? दुकान तसंही बंदच करायचंय."

"नाही, काका."

तिने फोन उचलला आणि चौकशीच्या कार्यालयाचा नंबर फिरवला.

"लॉयल व्हीटलींच्या प्रकरणाबद्दल बोलतेय. मॅकनमींवरचा आरोप खोटा आहे. डिरेलर मी बदलला होता. हो, लिहून घ्या."

पलीकडून कारकुनाने तिचं लॉयलशी नातं विचारलं. टेगनने फोन दुसऱ्या हातात घेतला.

"मुलगी," ती म्हणाली. "मी त्यांची मुलगी."

तिच्या हातातून फोन निसटू लागला. क्लाइवने तो धरला, कानाला लावला.

"जरा थांबा," तो म्हणाला. "ती बोलेल."